आरव्हीत फिल्टर बदलूनही धार बारीक आणि पाण्याला वास: दोष कुठे शोधायचा, फिल्टर कोणता घ्यायचा

लक्षणं आधी सांगते. आरव्हीतल्या, म्हणजे चाकांवरच्या घरातल्या, सहलीच्या दुसऱ्या दिवशी सिंकच्या नळाची धार करंगळीएवढी होते आणि केसांतला शॅम्पू निघता निघत नाही. चौथ्या दिवशी टाकीतलं पाणी ग्लासात घेतलं की ओल्या फडक्यासारखा कुबट वास येतो. नवा फिल्टर लावला की एक दिवस बरं जातं, मग पुन्हा तेच.

आमची आरव्ही म्हणजे गाडीमागे ओढायचा २४ फुटी ट्रेलर आहे, ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटरची. राहतो ॲरिझोनात फीनिक्सजवळ आणि फिरणं बहुतेक ॲरिझोना-युटातच होतं. सलग तीन सहलींत हा त्रास झाला आणि दर वेळी मी आधीच्यापेक्षा महाग फिल्टर आणला. शेवटी आईबाबा पुण्याहून आलेले असताना सहाव्या दिवशी बाबांनी पाण्याचा ग्लास न पिता खाली ठेवला, तेव्हा मात्र मी घरी आल्यावर एकेक सांधा उघडून बघायला बसले. उन्हाळ्यात आईवडील आले की आरव्ही भाड्याने घेऊन फिरायला जाणारी कितीतरी मराठी कुटुंबं इथे आहेत. "कोणता छोटा फिल्टर घेऊ?" हा प्रश्न मला दर मे महिन्यात येतो. त्याचं उत्तर दोष शोधता शोधताच मिळतं, म्हणून त्याच क्रमाने लिहिते.

धार बारीक होते तेव्हा

एकच नळ बारीक आहे की सगळे, हे पहिल्यांदा बघा. एकच असेल तर त्या नळाच्या तोंडाची जाळी काढून उलटी धुवा. बारीक वाळू आणि क्षाराचे कण तिथेच अडकतात. अर्ध्या तक्रारी इथे संपतात आणि लोक उगाच फिल्टर बदलत बसतात.

सगळेच नळ बारीक असतील तर पाणी कुठून येतंय ते पाहा. कॅम्पग्राउंडच्या, म्हणजे आरव्ही उभ्या करून मुक्काम करायच्या जागेच्या, नळाला थेट जोडलेलं असताना बारीक आणि टाकी-पंपावर ठीक, तर दोष बाहेरच्या बाजूला आहे. उलट असेल तर पंपाच्या बाजूला. पंपाच्या तोंडाशी एक पारदर्शक प्लास्टिकची वाटी असते, आत जाळी असते. ती फिरवून निघते. आमच्या त्या वाटीत ट्रेलर बनवताना टाकीला भोकं पाडली तेव्हाचा प्लास्टिकचा किस निघाला होता. तीन वर्षं तो तिथेच होता आणि आम्हाला त्या वाटीचा पत्ताही नव्हता.

बाहेरच्या बाजूला तपासायचं असेल तर फिल्टर काढा, नळी सरळ ट्रेलरला जोडा आणि एक मिनिट नळ सोडा. फक्त हातपाय धुण्यापुरतं हे पाणी चालतं. धार परत आली तर कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरच्या आतला बदलता येणारा गाळणारा भाग, भरलेलं आहे. नाही आली तर प्रेशर रेग्युलेटर बघा. पितळेचा छोटा नळकांड्यासारखा स्वस्त रेग्युलेटर दाब कमी करतो, पण त्याबरोबर प्रवाहही आवळतो. स्क्रूने फिरवून दाब ठरवता येतो असा, दाब दाखवणारी घड्याळासारखी तबकडी असलेला रेग्युलेटर थोडा महाग पडतो, पण माझ्या मते फिल्टरच्या आधी पैसे त्याच्यावर खर्च करावेत. तो ४५ ते ५० पीएसआयवर (हे दाबाचं एकक) ठेवा. काही कॅम्पग्राउंडमध्ये नळाचा दाब १०० पीएसआयच्याही वर असतो, त्यामुळे रेग्युलेटर नळालाच पहिला लावायचा, त्यानंतर फिल्टर, मग नळी. फिल्टर आधी लावला तर तो पूर्ण दाब फिल्टरच्या प्लास्टिकच्या भांड्यावर येतो आणि भांडं तडकू शकतं.

तबकडी वाचायची एक युक्ती आहे. सगळे नळ बंद असताना काटा ४५ वर असणारच, त्यावरून काही कळत नाही. एक नळ पूर्ण उघडा आणि मग बघा. तबकडी फिल्टरनंतर असेल आणि काटा ४५ वरून १५ वर आपटला, तर तबकडीच्या आधी कुठेतरी पाणी अडतंय. मी पाचेक डॉलरची दुसरी तबकडी फिल्टरनंतर लावून टाकली आहे. नळ चालू असताना दोन तबकड्यांतला फरक १० पीएसआयच्या पुढे गेला की कार्ट्रिज बदलते. पाकिटावर लिहिलेले महिने मी मानत नाही, कारण लेक पॉवेलच्या आसपास एका ठिकाणी दोन दिवसांत कार्ट्रिज विटकरी लाल झालं होतं आणि दुसऱ्या सहलीत तसंच कार्ट्रिज तीन आठवडे पांढरं राहिलं.

वास येतो तेव्हा

इथे नाकावर विश्वास ठेवण्याआधी एक करा. ग्लास भरून ट्रेलरच्या बाहेर जा आणि तिथे वास घ्या. सिंकच्या खालच्या पाइपातला वास नळ सोडल्यावर वर येतो आणि आपल्याला वाटतं पाणीच घाण आहे.

बाहेरही वास आला तर तो कोणत्या नळाचा, ते बघा. फक्त गरम पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास असेल तर फिल्टरचा काही संबंध नाही, तो गिझरमधून येतोय. पोलादी टाकीच्या गिझरमध्ये गंज अडवायला मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. पाण्यात सल्फेट असेल आणि त्यावर जगणारे जीवाणू टाकीत असतील, तर ती कांडी झिजताना त्यांना बळ मिळतं आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. अशा वेळी गिझर बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचा, दाब सोडायचा, टाकी रिकामी करून धुवायची, आणि त्रास परत आला तर ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी लावायची. गरम टाकीचा तो बोल्ट कधीही उघडू नका, उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं. काही गिझरची टाकी आतून ॲल्युमिनियमची असते, त्यांना कांडी लागतच नाही.

गरम-गार दोन्हींना वास असेल, तर पंप बंद करून कॅम्पग्राउंडच्या नळावर या. वास गेला तर टाकी दोषी. तसाच राहिला तर नळी, फिल्टर किंवा मूळ पाणीच. फक्त सकाळच्या पहिल्या ग्लासाला वास आणि नंतर नाही, तर रात्रभर नळीत किंवा फिल्टरमध्ये साचलेलं पाणी आहे. हिरवी बागेची नळी वापरत असाल तर आजच थांबवा. पिण्याच्या पाण्यासाठी असं छापलेली पांढरी किंवा निळी नळी मिळते.

आमच्या बाबतीत वास टाकीतच होता. आणि टाकी तर मी दर वसंतात ब्लीचने धुवत होते. मग वास कशाने?

कोळसा टाकीच्या आधी

दोष सापडला तो असा. आम्ही निळा, दंडुक्यासारखा, नळीला जोडायचा इनलाइन फिल्टर वापरत होतो. त्यात कार्बन म्हणजे कोळसा असतो. कोळसा पाण्यातला क्लोरीन काढतो, म्हणून चव छान लागते. थेट जोडणीवर पाणी लगेच वापरलं जातं, तिथे हे उत्तमच. पण आम्ही त्याच फिल्टरमधून टाकी भरत होतो. म्हणजे पाण्याला राखण करणारा क्लोरीन बाहेरच काढून घेत होतो आणि उरलेलं निराधार पाणी ॲरिझोनाच्या उन्हात प्लास्टिकच्या टाकीत आठवडाभर ठेवत होतो. चौथ्या दिवशी टाकीच्या भिंतींवर बुळबुळीत थर धरणारच. वरून तो थर पंपातून पुढच्या कार्ट्रिजवर जाऊन बसतो आणि धारही बारीक करतो. वास आणि बारीक धार, दोन्हींचं मूळ एकच निघालं.

जितका महाग फिल्टर मी आणत गेले तितका तो क्लोरीन जास्त चोख काढत होता. त्रास वाढत का गेला, हे तेव्हा कळलं.

खात्री करून घ्यायला मी जलतरण तलावाच्या क्लोरीन तपासायच्या पट्ट्या आणल्या. कॅम्पग्राउंडच्या नळाला पट्टीवर रंग आला. टाकीत भरल्या भरल्या तपासलं तर काहीच नाही. ज्यांना टाकीचा वास छळतोय त्यांनी आधी ही पट्टी बुडवावी, दोन मिनिटांचं काम आहे.

आता टाकी भरताना फक्त गाळ अडवणारं ५ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्ट्रिज लावते, कोळसा नाही. क्लोरीन टाकीत जाऊ देते. कोळशाचा फिल्टर पंपाच्या पुढे, स्वयंपाकाच्या सिंकखाली बसवला आहे आणि त्याला स्वतंत्र छोटा नळ दिलाय, फक्त पिण्या-स्वयंपाकासाठी. अंघोळीच्या पाण्यात थोडा क्लोरीन राहिला तर बिघडत नाही. सगळं पाणी गाळण्याचा हट्ट सोडला की फिल्टर लहान घेता येतो, जास्त टिकतो आणि शॉवरची धारही वाचते.

टाकी धुताना

टाकीला एकदा थर धरला की नुसती फिल्टरची जागा बदलून तो जात नाही. सुगंध नसलेलं साधं ब्लीच, दर १५ गॅलन पाण्याला पाव कप. आमच्या ४० गॅलनला पाऊण कपाला थोडं कमी. ते बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतायचं, टाकी भरायची, प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा आणि किमान चार तास तसंच ठेवायचं. मग सगळं सोडून स्वच्छ पाण्याने दोनदा भरून रिकामं करायचं.

यात माझी जुनी चूक अशी की कोळशाचं कार्ट्रिज आत ठेवूनच हे करत होते. कोळसा ब्लीचही खातो, त्यामुळे त्याच्या पुढचे पाइप धुतलेच जात नव्हते. आधी सगळी कार्ट्रिज काढा, रिकामी भांडी परत बसवा, मग ब्लीच. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: क्षार काढायला व्हिनेगर वापरत असाल तर ते आणि ब्लीच एकत्र कधीही येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही करायचं तर मध्ये भरपूर पाण्याने धुवा, शक्यतो वेगळ्या दिवशी करा.

मग घ्यायचं काय

छोटा म्हणून इनलाइन दंडुका सगळे घेतात. शनिवार-रविवारच्या सहलीला, शहरी पाण्याच्या कॅम्पग्राउंडमध्ये, थेट जोडणीवर तो पुरतो आणि भाड्याच्या आरव्हीसाठी मी तोच सुचवते. पण तो उघडता येत नाही, आतलं दिसत नाही आणि गाळ आला की तोच गाळ अडवतो, तोच गुदमरतो. ज्यांचा स्वतःचा ट्रेलर आहे त्यांनी १० इंची प्रमाण मापाचं भांडं घ्यावं. त्याची कार्ट्रिज कुठल्याही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. वाळवंटातल्या एखाद्या गावात अडकलात तर या गोष्टीची किंमत कळते. आकर्षक छोट्या पेटीत बसणारे, फक्त त्यांच्याच कंपनीचं कार्ट्रिज घेणारे फिल्टर मी आता बघतही नाही. सिंकखाली माप घेताना भांड्याच्या खाली दोनेक इंच मोकळी जागा सोडा, नाहीतर कार्ट्रिज बदलायला भांडं खाली उतरणारच नाही.

पाकिटावर दोन गोष्टी वाचा. एक, एनएसएफचा (फिल्टर तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा) क्रमांक. ४२ म्हणजे फक्त चव, वास, क्लोरीन. ५३ म्हणजे आरोग्याला अपाय करणारे पदार्थ, पण त्यातले कोणते ते खाली लिहिलेलं असतं, शिसं वेगळं, जंतूंच्या पुटिका वेगळ्या. नुसतं "एनएसएफ प्रमाणित" वाचून समाधान मानू नका. दुसरं, मायक्रॉनच्या आकड्यामागे 'नॉमिनल' लिहिलंय की 'ॲब्सोल्यूट'. नॉमिनल म्हणजे त्या मापाचे बरेचसे कण अडतात, सगळे नाही. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या परजीवीची पुटिका ४ ते ६ मायक्रॉनची आणि तिला क्लोरीन फारसं काही करत नाही, तेव्हा तिच्यासाठी १ मायक्रॉन ॲब्सोल्यूट किंवा त्याहून बारीक हवं. जीवाणूंसाठी ०.२ मायक्रॉनच्या आसपासची पोकळ तंतूंची मेंब्रेन लागते. विषाणू त्यातूनही जातात, तिथे क्लोरीन, यूव्ही किंवा उकळणं.

जितकं बारीक, तितकी धार कमी. अर्ध्या मायक्रॉनचं १० इंची कार्बन ब्लॉक, म्हणजे दाबून केलेला कोळशाचा ठोकळा, मिनिटाला गॅलनभरच पाणी नीट गाळतं. म्हणूनच ते सगळ्या ट्रेलरसाठी नाही, पिण्याच्या एका नळासाठी. आणि त्याच्या आधी गाळाचं ५ मायक्रॉन हवंच, नाहीतर महागडं ब्लॉक वाळू अडवण्यातच संपतं. आपल्याकडे आधी फडक्याने गाळून मग माठात भरायचे, तोच क्रम.

काही पाणी कोणत्याही छोट्या फिल्टरचं नसतं. नवाहो नेशनच्या, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकी लोकांच्या, परिसरात जनावरांसाठीच्या, तपासणी न होणाऱ्या विहिरी दिसतात. त्यांतल्या कित्येकींत आर्सेनिक आणि युरेनियम मर्यादेबाहेर सापडलेलं आहे. साधा कोळसा ते काढत नाही, आणि उकळून तर ते आणखी घट्ट होतं. तिथे टाकी भरू नका. तसंच डंप स्टेशनवरचा (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागेवरचा) धुण्याचा नळ आणि पिण्याचा नळ शेजारी असले तरी वेगळे असतात. पिण्याच्या नळाचं तोंडही जोडण्याआधी ब्लीचच्या फडक्याने पुसा, आधीच्याने तिथे काय टेकवलं असेल सांगता येत नाही. कॅम्पग्राउंडने उकळण्याची सूचना लावली असेल तर फिल्टर असला तरी उकळा. खळखळून १ मिनिट. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमसारख्या ७,००० फुटांच्या जागी ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं.

बसवण्याबद्दल थोडंच. रबरी रिंगला अन्नासाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, रबर फुगतं. नव्या कोळशाचं पहिलं काळपट पाणी दोन-तीन मिनिटं बादलीत सोडा. कार्ट्रिजवर मार्करने तारीख लिहा. आणि सहल संपली की ओलं कार्ट्रिज बंद ट्रेलरमध्ये ठेवू नका, फीनिक्सच्या उन्हाळ्यात तर नाहीच.

थंडीचा एक अनुभव सांगून ठेवते. ऑक्टोबरअखेर फ्लॅगस्टाफजवळ रात्री फिल्टर बाहेर नळालाच राहिला. सकाळी भांड्याला चीर. भांडं बदलता आलं, पण पोकळ तंतूंची मेंब्रेन गोठली की आत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही, धार उलट छान येते. एकदा ओली झालेली मेंब्रेन गोठल्याची शंका आली तरी टाकून द्या.

आरओ आणि टीडीएसचा प्रश्न

पुण्याला घरी आरओ आहे, तर इथेही लहान आरओ लावू, हे आईचं पहिलं म्हणणं होतं. आरओ क्षार काढतो खरा, पण एक गॅलन शुद्ध पाण्यामागे साधारण तीन-चार गॅलन सोडून देतो. ४० गॅलनच्या टाकीवर हे परवडत नाही आणि ते सोडलेलं पाणी ग्रे टँक, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी, भरून टाकतं. कायम जोडणीवर महिनोन् महिने राहणाऱ्यांना चालेल.

आईने सोबत टीडीएस मीटरही आणला होता. नवा फिल्टर बसवल्यावर तिने आधीचं आणि नंतरचं पाणी मोजलं. दोन्हीकडे सहाशेच्या वर. "अगं, आकडा तर तोच आहे. मग हा गाळतो काय?" मीटर विरघळलेले क्षार मोजतो. गाळाला, जंतूंना, वासाला त्यात आकडा नाही. कोळसा क्षारांना हात लावत नाही, त्यामुळे आकडा तोच राहणार, फिल्टर उत्तम चालत असला तरी. हे मी तिला पट्टी बुडवून दाखवलं: गाळण्याआधी रंग, गाळल्यावर कोरी. तेव्हा पटलं.

पण तिचा दुसरा मुद्दा खरा होता आणि त्याला माझ्या फिल्टरकडे उत्तर नाही. इथलं पाणी जड. तुरीची डाळ शिजत नाही, चहावर तवंग येतो. पाण्यातलं कॅल्शियम डाळीचा गर घट्ट धरून ठेवतं, तीन शिट्ट्यांच्या जागी सहा लागतात. पाण्याचा जडपणा घालवणारे, मीठ घालून पुन्हा चालू करता येणारे छोटे सॉफ्टनर मिळतात, पण तो आणखी एक डबा, आणखी एक सांधा. मी तो घेतला नाही. दुकानात यंत्रातून आरओचं पाणी भरून मिळतं, त्याचे दोन गॅलनचे दोन कॅन सिंकखाली ठेवते. डाळ रात्री त्यात भिजते, सकाळचा चहा त्याचाच. बाकी सगळं टाकीचं. गेल्या महिन्यात युटातल्या मोॲबला नऊ दिवस होतो. नवव्या दिवशी टाकीचं पाणी ग्लासात घेऊन बाहेर जाऊन हुंगलं, वास नव्हता. दोन तबकड्यांत फरक ६ पीएसआयचा.